त्याला दोन औषधं, मला एकच

संपादकांचा फोन आला तेव्हा मी निवृत्तीचं सुख, म्हणजे दुपारची झोप, उपभोगत होते. "मॅडम, आमच्या दिवाळी अंकाला तुमच्या डॉक्टरकीचे अनुभव लिहा ना. फक्त फराळ करता करता वाचता येतील असे बघा." मी म्हटलं, "अहो, 'आज सकाळी कसं झालं?' एवढं एकच विचारत मी उभं आयुष्य काढलं. चकलीबरोबर वाचता येईल असं माझ्याकडे काय असणार?" ते म्हणाले, "मग सूचक लिहा." तर वाचकहो, सूचक लिहायचा मी प्रयत्न करणार आहे. तरी चकली तूर्त बाजूला ठेवलेली बरी.

मी पोटविकारांची डॉक्टर. त्यातही माझा मुख्य कारभार आतड्याच्या दाहाचा, ज्याला आम्ही क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतो. या आजाराला समाजात काडीची किंमत नाही. हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस लग्नाच्या हॉलमध्ये शर्टाचं बटण उघडून छातीवरचा व्रण दाखवतो आणि लोक उठून त्याला खुर्ची देतात. गुडघे बदललेल्या बाई तर जिना चढून दाखवतात. माझ्या पेशंटने काय दाखवावं? तो बिचारा हॉलमध्ये शिरला की आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवतो, त्याच्याजवळची खुर्ची पकडतो आणि अक्षता पडायच्या आत दोनदा गायब होतो. नातेवाईक म्हणतात, "हा हल्ली फार माणूसघाणा झालाय."

आजार समजायला सोपा आहे. सोसायटीने चोरांसाठी वॉचमन ठेवला आणि एक दिवस त्याचं डोकं फिरून तो रहिवाशांनाच काठीने बडवायला लागला, तर कसं होईल? चोर मजेत, घरची माणसं रक्तबंबाळ. तसंच शरीराचं संरक्षण खातं आपल्याच आतड्यावर उलटतं. जखमा होतात, रक्त जातं, माणूस वाळत जातो. का उलटतं, ते कुणालाच नीट ठाऊक नाही. आम्हाला ठाऊक नाही हे आम्ही लांबलचक इंग्रजी शब्दांत सांगतो, म्हणून आम्हाला फी मिळते. पेशंटच्या आईला मात्र कारण पहिल्या दिवसापासून पक्कं माहीत असतं: बाहेरचं खाणं.

साध्या उपायांनी वॉचमन आवरला नाही, की माझ्याकडे दोन हत्यारं उरत. एक सलाईनमधून द्यायचं औषध. ते महाग, फ्रीजमध्ये राहणारं, दर दोन महिन्यांनी माणसाला खुर्चीत बसवून शिरेत सावकाश सोडायचं. दुसरी एक पिवळट, बारीक, स्वस्त गोळी, रोजची. सलाईन वॉचमनचे हात बांधतं, गोळी त्याचं डोकं थंड ठेवते. शिवाय गोळीचं आणखी एक काम असतं. सलाईनमधलं औषध शरीराला परकं वाटतं आणि हळूहळू शरीर त्याच्याही विरोधात तयारी करतं. मग एक दिवस सलाईन लागतं, पण लागू पडत नाही. गोळी ती तयारी होऊ देत नाही. म्हणून काही पेशंटना दोन्ही औषधं जोडीने. पण जोडीने दिली, की वॉचमन इतका मवाळ होतो की खरा चोर आला तरी कूस बदलून झोपतो. टीबी आहे, न्यूमोनिया आहे, आणखीही वाईट गोष्टी आहेत. म्हणून काहींना एकच.

कुणाला एक आणि कुणाला दोन, यावर आमच्या परिषदा होतात. मोठ्या हॉटेलात, थंडगार हॉलमध्ये. सकाळी एक विद्वान उभा राहून जोडीच कशी श्रेष्ठ ते सिद्ध करतो. जेवण होतं. जेवणानंतर दुसरा विद्वान एकच औषध कसं पुरतं ते सिद्ध करतो, पण तेव्हा अर्धा हॉल पेंगत असतो. शेवटी दोघं हस्तांदोलन करून जाहीर करतात की प्रत्येक रुग्णाचा वेगवेगळा विचार करावा. एवढं ऐकायला मी दर वर्षी वसईहून जात असे, आणि परत येताना पिशवीत एक पेन आणि एक छत्री असे.

पेशंटच्या दरबारात मात्र निकाल केव्हाच लागलेला असतो. आपल्याकडे सलाईनला मान फार. सलाईन लागलं म्हणजे माणूस खरा आजारी, गोळीवर भागलं तर नाटकं करतोय. सलाईनचा दिवस कुणी चुकवत नाही, त्यासाठी रजा काढतात, घरचा माणूस सोबत येतो. रोजची बारीक गोळी मात्र कपबशांच्या मागे, देवघरात पडून राहते, नाहीतर पँटच्या खिशात धुतली जाते.

माझी प्रॅक्टिस कशी चालली, तेही सांगायला हवं. त्यात माझ्या पदव्यांचा वाटा फार नाही. अगदी सुरुवातीला अर्नाळ्याची एक कोळीण माझ्याकडे आली होती. तिला आधीच्या डॉक्टरांनी मासळी बंद सांगितली होती, म्हणजे तिच्या मते जन्मठेपच. तिला बरं वाटायला लागल्यावर मी म्हटलं, "आता खा की बोंबील. फार तिखट करू नका म्हणजे झालं." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू देवीनेच दर्शन दिलंय. पुढच्या महिन्यात अर्नाळ्याहून रिक्षा भरून पोटं आली. त्यातल्या निम्म्यांना काहीच झालेलं नव्हतं, त्यांना फक्त मासळीची परवानगी हवी होती.

तर आता मुद्द्यावर येते. माझ्या हॉस्पिटलात सलाईनसाठी एक खोली होती आणि तिचा कारभार फिलूसिस्टरकडे होता. फिलूसिस्टर म्हणजे वसईचीच फिलोमिना. आवाज असा, की पेशंटची शीर घाबरून आपोआप वर यायची. तिथे दोन माणसं शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसत.

एक जनार्दनभाऊ. खाडीकाठच्या गावचे, साठी उलटलेले. पूर्वी भातशेती, आता थोडं भात आणि तीन टेम्पो, जे वालीवच्या कारखान्यांचा माल वाहत. केस काळेभोर रंगवलेले, मधोमध भांग, आणि रंग कानावर आलेला असला तरी 'हे आमच्या घराण्यातच हाय' असं ते सांगत. त्यांना कोलायटिस. त्यांना मी एकटं सलाईन देत होते. त्याचं कारण होतं. ती बारीक गोळी सुरू करण्याआधी रक्ताची एक तपासणी करतात. काही माणसांच्या शरीराला ती गोळी निचरून टाकता येत नाही. ती साठत जाते आणि रक्त तयार करणारा कारखानाच बंद पाडते. आपल्या भागात अशी माणसं अगदीच विरळा नाहीत. जनार्दनभाऊ त्यातले निघाले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "ही गोळी तुमच्यासाठी विष आहे." त्यांनी मान डोलावली होती. मान डोलावण्याचा अर्थ 'समजलं' असा घेण्याची डॉक्टरांना सवय असते.

दुसरा निखिल. बोळिंजला फ्लॅट, आई-वडील मूळचे कोकणातले, स्वतः मुंबईत नोकरीला, तिशीच्या अलीकडचा. त्याला क्रोन्स, तोही दुष्ट जातीचा. कॉलेजात असताना आतड्याचा एक तुकडा काढावा लागला होता. दुसरा काढायची वेळ येऊ नये म्हणून त्याला मी जोडी दिली होती, सलाईन आणि गोळी. त्याला ती उत्तम मानवली होती. वजन वाढलं, गालावर रंग आला, लग्न ठरलं.

दोघांची गट्टी जमली. जनार्दनभाऊ घरून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणि उकडलेल्या शेंगा आणत आणि खोलीतल्या सगळ्यांना वाटत, फिलूसिस्टरलाही. तीन तास खुर्चीत बसायचं तर माणूस बोलणारच. आणि बोलता बोलता व्हायचं तेच झालं. कुणाला काय औषध, याचा हिशेब निघाला.

"डाक्टरीनबाय," एकदा मी राऊंडला गेले तेव्हा जनार्दनभाऊंनी मला अडवलंच, "या पोराला दोन दवा, न मना येकच. मी काय पाप केला?"

"पाप नाही हो. तुमचा आजार वेगळा, रक्त वेगळं. सांगितलं होतं ना मी?"

"आजार वेगला, मग खुर्ची कशी तीच? बाटली कशी तीच?"

"ती गोळी तुम्हाला चालत नाही."

"आमचे गावान पंगतीन येकाला दोन लाडू न दुसऱ्याला येक वाढला, त मानूस पान सोडून उठतं."

"हा लाडू नाही, जनार्दनभाऊ."

"नाय त नाय. मोठी मानसं तुमी." आणि ते रुसून भिंतीकडे बघत बसले. त्यांच्या गावात माणसं अशीच आहेत. हळदीला मटण कुणाच्या ताटात किती पडलं यावरून भाऊबंदकी होते आणि पुढच्या हळदीला ती मिटते. मला हसू आलं. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

यानंतर काय घडलं ते मला फार उशिरा कळलं, पण वाचकांना ताटकळत ठेवायला मी काही रहस्यकथा लिहीत नाही. निखिलने बरेच महिने आधीच गोळी बंद केली होती. बरं वाटत होतं ना. शिवाय लग्न ठरलं होतं. दोन महिन्यांतून एकदा सलाईन घ्यायचं, तर ऑफिसचं ट्रेनिंग म्हणून सांगता येतं. रोज जेवणानंतरची गोळी बायकोपासून किती दिवस लपवणार? हॉस्पिटलच्या दुकानातून तो गोळ्या घेत मात्र राहिला, म्हणजे मला शंका नको. त्या त्याच्या बॅगेत तशाच पडून असत.

तर त्या दिवशी माझी पाठ वळल्यावर निखिलने बॅगेत हात घातला. "काका, मला नकोयत ह्या. आय एम फाइन विदाउट इट. तुम्हाला हव्यात?"

शेजाऱ्याच्या पानात जास्त पडलं आणि त्याला ते संपत नाही, तर वाया कशाला घालवायचं? जनार्दनभाऊंनी गोळ्या घेतल्या. एकाचा बोजा उतरला, दुसऱ्यावरचा अन्याय दूर झाला. आमच्या परिषदेतल्या विद्वानांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते या दोघांनी शेंगा सोलता सोलता सोडवून टाकलं.

तीनेक आठवड्यांनी फिलूसिस्टर धावत माझ्या खोलीत आली. ती धावत नाही, लोक तिच्यापुढून धावतात. "मॅडम, जनार्दनभाऊ. तारीख नाय त्यांची, पण आलेत. ताप हाय. आणि टोपी घातलीय."

"टोपी?"

"बघा तुम्हीच."

मी टोपी काढली. डोक्यावर केस नव्हते. काळे नाहीत, पांढरेही नाहीत. उशीवर, टॉवेलवर झुबक्यांनी गळाले म्हणे. तोंडात फोड, घशात फोड, अंग तव्यासारखं. इतक्या वर्षांत मी ते एवढं एकदाच पाहिलं, पण ते काय आहे हे कळायला मला रक्ताच्या रिपोर्टची गरज नव्हती. रिपोर्ट आला तेव्हा त्यात लढणाऱ्या पेशी शोधाव्या लागत होत्या.

"कुणी दिली गोळी?" मी विचारलं.

"कुठली गोली?"

"जनार्दनभाऊ, तुमच्या शरीरात आत्ता साधी सर्दी रोखायची ताकद नाही. खरं सांगा."

त्यांनी डोळे मिटले. "मीच घेतली. बाजारातून." मला ते खोटं आहे हे कळत होतं, पण भांडायला वेळ नव्हता.

त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. अँटिबायोटिक, रक्ताचा कारखाना पुन्हा सुरू करायची इंजेक्शनं, जे जे शक्य ते. आता अशा पेशंटजवळ कुणी जायचं नसतं. कच्चं फळ नको, फूल नको, माणूस तर नकोच. हे मी खाडीकाठच्या गावाला सांगत होते. तिथे आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे त्याच्याशी वैर. संध्याकाळी त्यांच्याच तीन टेम्पोंतून गाव उतरलं. हातात शहाळी, केळी, देवीचा अंगारा, एकाकडे जिवंत कोंबडा, तो कशासाठी ते मी विचारलं नाही. फिलूसिस्टर दारात हात पसरून उभी राहिली. "आत गेलात तर मारून टाकाल त्यांना!" ती ओरडली. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "बाय, आमी मारायला नाय, बघायला आलोय." शेवटी सगळे खाली फाटकाशी बसले आणि शहाळी त्यांनी एकमेकांत वाटून प्यायली.

जनार्दनभाऊंचे दोन मुलगे माझ्यासमोर उभे राहिले. धिप्पाड, शांत बोलणारे, म्हणून जास्त भीती वाटावी असे. थोरला म्हणाला, "बाबा कदी औषधाच्या दुकानात गेला नाय. त्याला कोनीतरी दिली. कोन त्याचा नाव फक्त सांगा. बाकी आमी बघू."

मी म्हटलं मला माहीत नाही. तेव्हा ते खरं होतं.

पुढचं सगळं सांगायच्या आधी निकाल सांगून टाकते, कारण सणाचा अंक आहे. जनार्दनभाऊ वाचले. कारखाना सुरू व्हायला वेळ लागला, मधे दोनदा आम्ही आशा सोडली, पण वाचले. निखिलचं सलाईन मात्र गेलं. गोळीचा पहारा उठल्यावर त्याच्या शरीराने त्या औषधाविरुद्ध जय्यत तयारी केली होती. रक्त तपासलं तेव्हा औषध जवळजवळ शिल्लक नव्हतं. त्याला दुसऱ्या औषधावर न्यावं लागलं, जे त्याला पहिल्याइतकं मानवलं नाही. अशी औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि त्याचं आयुष्य अजून लांब पडलेलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या माझ्या एका पेशंटला जोडी खरोखर लागू पडली होती, आणि ती मोडली ती औषधामुळे नव्हे.

पण ती संध्याकाळ. जनार्दनभाऊ आत, जगतात की नाही ते कुणालाच ठाऊक नाही. निखिलची सलाईनची तारीख नव्हती, तो दुकानातून नेहमीच्या गोळ्या घ्यायला आला होता. फाटकाशी गर्दी पाहून त्याने विचारलं आणि फिलूसिस्टरने सांगितलं. तो पांढराफटक होऊन माझ्या खोलीत आला आणि उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगून टाकलं.

मी त्याला फार बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही, सूचकही नाही. तो रडला नाही. माझा राग ओसरल्यावर मला जनार्दनभाऊंचे ते दोन मुलगे आठवले. मी म्हटलं, "आत्ता मागच्या जिन्याने घरी जा. त्यांना मी काही सांगणार नाही, आणि काकांनीही तुझं नाव घेतलेलं नाही. तूही तोंड उघडू नकोस."

"काकांनी नाव नाही घेतलं?" त्याने विचारलं.

"नाही."

तो बाहेर पडला, पण मागच्या जिन्याकडे गेला नाही. मी उठून बघेपर्यंत तो त्या बंद खोलीबाहेरच्या बाकाशी पोचला होता. तिथे हिरावहिनी बसल्या होत्या, जनार्दनभाऊंच्या पत्नी. त्यांना आत जाऊ देत नव्हते, म्हणून सकाळपासून त्या दाराच्या काचेकडे तोंड करून बसून होत्या. थोरला मुलगा औषधं आणायला गेला होता, धाकटा खाली गावाला आवरत होता. कोणत्याही क्षणी दोघं वर आले असते. मला खरंच भीती वाटली.

"काकी," निखिल म्हणाला, "गोळ्या मी दिल्या काकांना. माझ्या होत्या. मला माहीत नव्हतं. सॉरी काकी."

हिरावहिनींनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. मी मधे पडायला पुढे झाले, तोच त्या बोलल्या.

"तुज्या व्हत्या?"

"हो."

"तुला डाक्टरीनबायनी दिलेल्या? तुज्या आजारावर?"

"हो काकी."

"मंग तू काय खातंस आता?"

निखिलला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"तुजी गोली त त्यान खाल्ली. तू काय खातंस?"

"काहीच नाही."

"कवापासून?"

तो बोटांवर महिने मोजायला लागला. हिरावहिनी बाकावरून उठल्या, माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "बाय, यान त आपला पोट उघडा टाकलाय! इतके दिस कोनी बघला नाय? पयला याचा रगत काढ. त्याला तुमी इतकी जना बघताव, या पोराला कोन बघतं?"

मी फिलूसिस्टरला हाक मारली. निखिलची बाही वर करून तिने सुई टोचली, तेव्हा कुठे तो रडायला लागला. हिरावहिनी त्याच्या शेजारी बसल्या आणि रक्त घेऊन होईपर्यंत त्यांनी त्याचा दुसरा हात सोडला नाही. आत नवऱ्याचा ताप उतरला का, हे त्यांनी मला त्यानंतर विचारलं.